बिडीडाक्टर

नंजुंडय्या डॉक्टर आमच्या हुमनाबादेत उतरले तो दिवस मला आठवतो. बसच्या दारातून आधी छत्री उतरली, मग पाय उतरले, मग बराच वेळ नुसते पायच उतरत राहिले. डोकं मागच्या बसनं आलं असं मी लोकांना सांगत आलोय आणि अजून कुणी ते खोडून काढलेलं नाही. आमचं चहाचं हाटेल सरकारी दवाखान्याच्या बरोबर समोर. त्यामुळे येणारा डॉक्टर पहिला पत्ता मला विचारतो आणि जाणारा शेवटचा रामराम मलाच करतो.

तो काळच गमतीचा होता. निजाम गेला, मग हैदराबाद राज्य गेलं, आणि एका सकाळी उठून बघतो तर आम्ही मैसूर राज्यात! घर तेच, म्हैस तीच, दुधात पाणीही तेवढंच; फक्त साहेब बदलले. खालच्या मुलखातून मास्तर, तहसीलदार, डॉक्टर यायला लागले. त्यांची कन्नड गूळ घालून उकडलेली, आमची तव्यावरून थेट ताटात. आमच्याकडे कन्नडमध्ये कुणाला काही सांगायचं तर शेवटी 'री'ची शेपटी लागते. या म्हणायचं तर 'बर्री', सोडून द्या म्हणायचं तर 'बिड्री'. मैसूरवाले ही शेपटी लावत नाहीत. ते नुसतं 'बिडी' म्हणतात. आता आमच्या मुलखात बिडी म्हटलं की माणूस काडेपेटी शोधतो.

डॉक्टर राहायला गेले मारुतीअण्णाकडे. मारुतीअण्णाची धान्याची आडत होती आणि माळवदावर एक खोली रिकामी होती. तिथे स्टोव्ह मांडून डॉक्टर नाचणीच्या पिठाचा गोळा उकडायचे. मुद्दे म्हणायचे त्याला. एकदा तसला एक गोळा त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याला टाकला. चुकून तो त्याच्या पाठीला लागला, आणि ते कुत्रं तिरकं चालायला लागलं ते मरेपर्यंत तिरकंच चाललं. शेवटी मारुतीअण्णाची आई गोदामाय वर गेली, स्टोव्ह विझवला आणि म्हणाली, "अय्या, हे काय गारगोट्या खायलाव? खाली या. माझ्या घरात मानूस उपाशी ऱ्हातो व्हय?" तेव्हापासून डॉक्टर खाली जेवायला लागले. ज्वारीची भाकरी कशी मोडायची हे त्यांना गोदामायनं शिकवलं. ते तिला 'अम्मा' म्हणत, ती त्यांना 'अय्या'.

आता बिडीची गोष्ट. मी पुष्कळ गोष्टी वाढवून सांगतो, पण ही माझी नाही. ही डॉक्टर स्वतः सांगायचे.

कमठाण्याचा एक शेतकरी सासरवाडीला हुमनाबादेत आला होता. त्याच्या पोराच्या कपाळावर लालभडक गाठ, तुतीचं फळ चिकटवल्यासारखी. जन्मताना काही नव्हतं, पंधरवड्यानं डास चावल्यासारखा ठिपका उठला आणि फुगत गेला. डॉक्टरांनी आमच्या हाटेलातला चहाचा ग्लास मागवला, त्याचं बूड गाठीवर हलकेच दाबलं, खालचा रंग पांढरा पडतो का बघितलं, आणि हसून म्हणाले, "बिडी, बिडी. ताने होगुत्ते." सोडा हो, आपोआप जाईल. शेतकऱ्यानं मान डोलावली, माझ्याकडे येऊन बिड्यांचं बंडल घेतलं आणि परत जाऊन टेबलावर ठेवलं. म्हणाला, "साहेब, वडायची कुणी? म्या का लेकरानं?"

डॉक्टरांना आधी कळेना. कळलं तेव्हा इतके हसले की खुर्ची मोडली. बरं, मोडली नाही, पण करकरली. मग त्यांनी हाताच्या खुणा करून समजावलं की काही लावायचं नाही, काही भाजायचं नाही, देवाला सोडलेल्या वळूसारखं ह्याला सोडून द्यायचं. वर्षभर वाढेल, मग थांबेल, मग पाच-सहा वर्षांत जाईल. त्या माणसानं ऐकलं. पुढे ते पोरगं शाळेत जायला लागलं तेव्हा त्याचं कपाळ पाटीसारखं स्वच्छ, आणि बाप पेरूची टोपली घेऊन दवाखान्यात हजर. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव ठेवलं बिडीडाक्टर. त्यांना ते नाव सरकारी नावापेक्षा आवडायचं. तपासणीला बंगळूरचा साहेब येवो की जिल्ह्याचा, जेवताना डॉक्टर ही गोष्ट सांगायचेच, शेतकऱ्याच्या आवाजासकट.

त्यांची ख्याती झाली ती अशी, काही न करण्याची. लांबलांबून बाया चेहऱ्यावर डाग असलेली लेकरं घेऊन यायच्या. डाग उठून आलेला, मऊ, जन्मानंतर उगवलेला असला की डॉक्टर ग्लास दाबायचे आणि सोडून द्या म्हणायचे. दर महिन्याला आणा, मी बघीन, म्हणायचे. रक्त आलं तर धुतलेल्या फडक्यानं दाबून धरा. डोळ्यावर चढला तर ताबडतोब या, कारण लहान लेकराचा झाकलेला डोळा बघायचं विसरतो. बाया बाहेर येऊन माझ्या बाकड्यावर बसायच्या आणि चिडायच्या. "सुई न्हाई, गोळी न्हाई, कसला डाक्टर मेला! एवढ्या लांबून काय ह्याचं त्वांड बघायला आलो?"

मी एकदा त्यांना सुचवलं, "साहेब, दवाखान्यात लाल पाणी आहेच. बाटली भरून देत जा. तुमचं काय जायलंय? लोकं खुश."

"मग डाग जाईल तेव्हा लाल पाण्यामुळे गेला म्हणतील," ते त्यांच्या मोडक्या हिंदी-मराठीत म्हणाले. "मग ज्याच्याजवळ लाल पाणी नाही, तो दुसरं काही लावणार. बिब्बा लावणार. नको."

आणि खोटी आशाही नाही. बसवकल्याणची एक बाई मुलीला घेऊन आली. हिचा डाग सपाट, जांभळा, अर्ध्या चेहऱ्यावर शाई सांडल्यासारखा, जन्मापासूनचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "हा नाही जाणार. माझ्याकडे औषध नाही, हैदराबादला पण नाही. पैसे घालवू नका. शाळेत घाला हिला." ती बाई रडत गेली आणि जाताना त्यांना काळ्या जिभेचा म्हणून गेली. डॉक्टरांनी त्या दिवशी चहात साखर घातली नाही, घालायची विसरले, आणि तसाच कडू चहा पिऊन गेले. मी पैसे मागितले नाहीत, कारण साखर वाचली होती.

मग मारुतीअण्णाला मुलगी झाली. शकू. दोन-तीन आठवड्यांनी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी एक ठिपका उठला. तिसऱ्या महिन्यात तो डोळ्याच्या कडेपासून हनुवटीपर्यंत पसरला, ठेचा फासल्यासारखा लाल आणि फुगलेला. गोदामायनं लगेच गुन्हेगार शोधला. सून सुशीला. "गिऱ्हानात दोडका चिरला हिनं! म्या डोळ्यानं बघितले. सुरी धरली हातात अन् लेकराचं त्वांड कापलं!"

सुशीला भालकीकडची, माहेरी कन्नडच बोलणारी. मराठी तिला सासरी येऊन शिकावं लागलं होतं. अख्ख्या घरात डॉक्टरांना पोटभर कन्नड बोलायला तीच एक होती. पाणी भरताना, भांडी घासताना दोघं बोलत, मैसूरच्या बाजारापासून भालकीच्या शेंगांपर्यंत. ती दोडक्यापायी रोज मार खाल्ल्यासारखी फिरायला लागली तेव्हा एका संध्याकाळी डॉक्टर अंगणात गोदामायसमोर जाऊन बसले.

"अम्मा, माझी आई प्रत्येक ग्रहणात अंधाऱ्या खोलीत बसली. सुरी नाही, दोडका नाही, पाणी पण नाही."

"मंग? शानी बाई!"

"मग हे बघा." आणि त्यांनी स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. त्यांचं नाक म्हणजे काय सांगू, सावलीला दोन माणसं बसतील असं होतं. गोदामाय पदर तोंडात धरून हसली. त्या दिवसापासून दोडक्याचा विषय त्या घरात बंद झाला. सुशीलानं डॉक्टरांच्या ताटात तूप वाढायला सुरुवात केली.

शकूसाठी त्यांनी महिन्याचा नेम मोडला. रोज सकाळी माळवदावरून खाली यायचे, ग्लास घेऊन. दाबायचे. मग पापणी अंगठ्यानं उचलून डोळा पुरता उघडतो का ते बघायचे, तिच्यासमोर चावी हलवायचे, नजर मागे फिरते का बघायचे. तिला 'चिन्ना' म्हणायचे, म्हणजे सोनं. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. इतक्या उंच माणसाला मुलगी दाखवायची तर शिडी लागली असती. डाग पापणीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे वर्ष सरल्यावर एका सकाळी ते रस्ता ओलांडून धावत माझ्याकडे आले, चप्पल एकाच पायात. "मध्ये राखाडी झाला! निखाऱ्यावर राख धरते ना, तसा! आता उतरणार!" त्यांनी हाटेलातल्या सगळ्यांना चहा पाजला. शकू सुधारली याचा एवढा आनंद तिच्या बापालाही झालेला मी पाहिला नाही.

बापाला दुसरीच घाई होती. घरात लग्नकार्य ठरत होतं, पाहुणे येणार होते, आणि आडतीवर येणारा प्रत्येक जण विचारत होता, "अण्णा, लेकीच्या तोंडाला काय झालंय? काही करायलास का न्हाई?" काहीच करत नाही असं सांगायची त्या माणसाला लाज वाटायला लागली. लोकांच्या जिभेला औषध असतं तर मी त्याचंच दुकान काढलं असतं.

डॉक्टर गुलबर्ग्याला बैठकीसाठी गेले. तेवढ्यात मारुतीअण्णा आणि गोदामाय शकूला घेऊन संतपूरला गेले. तिथे एक जण डाग उतरवून द्यायचा, बिब्बा आणि तापवलेली सळई घेऊन. सुशीलाला घरीच ठेवलं. त्या माणसानं डोळ्याकडून सुरुवात केली, वरून खाली उतरवायचा असतो म्हणे. शकू अशी किंचाळली की मारुतीअण्णानं गालाच्या मध्यावर त्याचा हात धरला. बस म्हणाला. तेवढंच काय ते शहाणपण त्यानं त्या दिवशी केलं.

डॉक्टर परत आले तेव्हा मी त्यांना बसवरच गाठलं आणि सांगितलं. ते चालत घरी गेले. अंगणात शिरले आणि शकूला उचलून वर नेलं. किती दिवस ती त्यांच्या खाटेवर झोपली आणि ते जमिनीवर! गोदामाय जिना चढून जेवणाचं ताट ठेवायची, ते तसंच खाली यायचं. जखम भरली, पण पापणीची बाहेरची कड खाली ओढली गेली. झोपेतही तो डोळा पुरता मिटेना.

नातीचं हे तोंड बघून सुशीलाचे वडील भालकीहून उठले आणि त्यांनी वर तक्रार केली. म्हणाले, लेकरू भाजणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, मग माझे व्याही असोत की कुणी. चौकशीला आरोग्य खात्याचा मोठा साहेब आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. अर्धं गाव समोर उभं. मला तर काय, दुकानातूनच सगळं ऐकू यायचं, तरी पुढे जाऊन उभा राहिलो.

साहेबानं मारुतीअण्णाला विचारलं, लेकराला कुणी भाजलं?

मारुतीअण्णा म्हणाला, "आम्हीच भाजलं साहेब. डाक्टर बिडी म्हनले. रोज बिडीच म्हनायचे. आम्ही अडाणी मानसं, बिडीनं डागलं."

ज्या माणसाच्या आडतीत दिवसभर कन्नड शेतकऱ्यांशी घासाघीस चालायची, तो म्हणत होता की त्याला 'बिडी' कळलं नाही!

मी ओरडलो, "साहेब, खोटं बोलायलाय! संतपूरला नेलं होतं लेकराला. बिब्बा लावला, सळई लावली. मी ह्यांना बसमध्ये चढताना बघितलं!"

मारुतीअण्णानं वळूनही बघितलं नाही. "ह्याचं काय ऐकता साहेब? ह्यानं गावच्या हिरीत मगर बघितलीय." आणि लोक हसले. साहेबही हसला. मगर होती, ते वेगळं. पण त्या दिवशी तिनं मला पुरतं गिळलं.

साहेबानं गोदामायकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बिडीच म्हनले अय्या." त्यांना अय्याच म्हणाली, तिथेही.

मग सुशीला. डॉक्टर इतका वेळ खाली मान घालून बसले होते, त्यांनी आता मान वर केली. त्यांच्या तोंडावर मला पहिल्यांदा धीर दिसला. सुशीला तर होतीच ना! साहेबानं कन्नडमध्ये विचारलं, डॉक्टर नेमकं काय सांगत होते? सुशीलानं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मराठीत म्हणाली, "मला कन्नड येत न्हाई."

तिचे वडील तिथेच उभे होते. त्यांनीही तोंड उघडलं नाही. लेक सासरी नांदायची होती.

साहेब डॉक्टरांकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "ही बिडीची गोष्ट तर तुम्हीच मला जेवताना सांगितली होती." डॉक्टर म्हणाले, "हो." बस. ती दुसऱ्याची गोष्ट आहे, ते पोरगं बरं झालं, काही म्हणाले नाहीत. त्यांना बोलायची आवश्यकताच वाटली नसेल, किंवा कुणाशी बोलायचं तेच कळलं नसेल.

संध्याकाळी ते माझ्या हाटेलात येऊन बसले. मारुतीअण्णाही आला, समोर बसला. आमच्या माणसाला एवढी तरी लाज असते, लपत नाही तो. डॉक्टरांनी विचारलं, "कामून, मारुती?" 'का'ला आमचा शब्द, आमच्याच सुरात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मारुतीअण्णा म्हणाला, "माय म्हातारी हाय साहेब. तिला पोलिसात न्हेलं असतं. तुमचं काय, तुमची बदली व्हईल. माझी माय कुठं बदलून जाईल?"

मला वाटलं डॉक्टर कप फेकतील. मी कप मोजूनही ठेवले होते. पण ते उठले आणि माळवदावर न जाता दवाखान्यात झोपायला गेले. बदलीचा हुकूम आला. जाताना मलाही रामराम केला नाही. आजवर गेलेल्या डॉक्टरांत तेवढे एकच.

ह्याला बरीच वर्षं लोटली. मैसूरचं कर्नाटक झालं, माझे केस पिकले. माझ्या भाच्याच्या मुलीला नाकाशेजारी तसाच लाल डाग उठला म्हणून तिला घेऊन आम्ही गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, आणि टेबलामागे तेच लांबलचक पाय! पाठ वाकली होती, म्हणून आता दारातून एका दमात आत येत असतील. त्यांनी मला ओळखलं. दाखवलं मात्र नाही.

त्यांनी ग्लास दाबून बघितला आणि बोलायला लागले. मी चाट! अस्सल आमची मराठी. बीदरच्या माणसानं बोलावी तशी, एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. "ह्याला हात लावायचा न्हाई. तेल न्हाई, बिब्बा न्हाई, चुना न्हाई, काही न्हाई. आपोआप जातंय. काय सांगायलोय?" भाच्यानं मान डोलावली. "मान नको. तोंडानं म्हन." भाच्यानं म्हटलं. मग त्याच्या बायकोकडून म्हणवून घेतलं. मग दाराबाहेर बसलेल्या आजीला आत बोलावून तिच्याकडून. मग तेच कन्नडमध्ये, 'री'ची शेपटी लावून. मग दखनी उर्दूत. सगळ्यांकडून सगळ्या भाषांत. ह्या सगळ्यात ते एकदाही हसले नाहीत. माणसं प्रेमानं भाषा शिकतात असं मी ऐकलं होतं. ह्यांनी आमची भाषा दाराला कडी बसवावी तशी शिकून घेतली होती.

सगळे बाहेर गेले तेव्हा मी मागे थांबलो. मला एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती एका शब्दानंही वाढवायची नव्हती. म्हटलं, "साहेब, शकू शाळेत जाते आता. संतपूरवाल्यानं जिथे हात लावला नव्हता ना, खालचा गाल, हनुवटी, तिथलं सगळं गेलं. तुम्ही म्हणाला होता तसंच. शोधूनही सापडत नाही. गावात सगळ्यांना दिसतं. मारुतीअण्णाला रोज दिसतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणि डोळा?"

"डोळा तसाच आहे."

त्यांनी घंटी वाजवली आणि दाराकडे बघत पुढच्या लेकराला आत बोलावलं.